घरातला पायाळू

५ मार्च, बुधवार

उलटं आहे. डोकं वर, पाय खाली. पस्तिसावा आठवडा लागला आणि हे!

सोनोग्राफीवाली म्हणाली, "बेबी तो आराम से बैठा है," आणि मी मूर्खासारखी हसले. मला वाटलं कौतुक करतेय. मग डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून दाखवलं. अजून वेळ आहे, फिरेल म्हणाल्या. नाही फिरलं तर सिझर. आणि प्रवास बंद.

म्हणजे रविवारचं भुसावळचं तिकीट गेलं. पहिलं बाळंतपण माहेरी, सात महिने हेच घोकत होते मी. मम्मीने खारीक-डिंक आणून ठेवलंय. तिला इकडे परराज्यात यायला जमणार नाही, पप्पांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, ते पलंगावर. तेव्हा आता सासूबाई. मूर्तिजापूरहून आल्या होत्या मला गाडीत बसवून द्यायला. आता त्याच राहणार.

फोनवर मम्मी रडली. मी नाही रडले. फोन ठेवल्यावर रडले.

६ मार्च

प्रबुद्ध रात्रभर मालगाडीवर होता, ड्यूटीवर मोबाईल बंद. सकाळी आला तेव्हा सांगितलं. मला वाटलं घाबरेल. हा पठ्ठ्या खूष! "पायाळू होणार म्हणजे! बापावर गेलंय."

कारण नवरा पायाळू आहे ना माझा. पायांनी जन्माला आलेला. लहानपणी गावात कुणाच्या कमरेत उसण भरली की ते माणूस यांच्या अंगणात पालथं पडायचं आणि हा त्याच्या पाठीला पाय लावायचा. बक्षीस म्हणून बिस्किटाचा पुडा. लग्न ठरताना त्याची मावशी हे मला डिग्री सांगावी तसं सांगत होती. आमच्या घरात नवस नाही, उपास नाही, लग्नाला मुहूर्त बघितला नाही. पण पायाळू मात्र आहे!

आईंना (सासूबाईंना आईच म्हणते) काल सांगितलं तेव्हा त्या कणीक मळत होत्या. हात थांबले. विचारलं, "पाय खाली हायेत, का बसलेलं हाय?" म्हटलं, एक पाय खाली आहे म्हणतात. "बरं," म्हणाल्या आणि गॅलरीत जाऊन सुकलेले कपडे काढत बसल्या. जवळ येणं नाही, पोटावर हात ठेवणं नाही.

९ मार्च, रविवार

बाळ फिरावं म्हणून उशांवर कंबर, डोकं खाली. मग रांगत रांगत हॉल ते स्वयंपाकघर. मग पोटाच्या खालच्या बाजूला टॉर्च, बाळ उजेडाकडे वळतं म्हणे. प्रबुद्धने ती पण धरली. दहा मिनिटांनी तोच झोपला.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड. संध्याकाळी त्याच्यासारखेच मालगाडीवर जाणारे रामधनजी कमरेत वाकून आले. नाचताना उसण भरली. "प्रबुद्ध भैया, सुना है आप पैर से पैदा हुए थे." झालं! चटई अंथरली, रामधनजी पालथे, हा उभा राहून टाच फिरवतोय, रामधनजींची बायको मोबाईलवर शूटिंग करतेय. मी पण हसले, खोटं कशाला बोलू. उठताना रामधनजी म्हणाले, आधा दर्द गया.

चहा ठेवा म्हणून सांगायला आत गेले तर आई भांडी घासत होत्या. घासलेलीच परत घासत होत्या. "आई, पाहुणे आलेत." तर म्हणाल्या, "ते नाटक झालं का?" एवढ्या तुटक! मुलाचं कौतुक चाललंय आणि या बाईला त्याचाही त्रास. की चहा मला करावा लागू नये म्हणून राग? कळत नाही मला ही बाई. चहा शेवटी मीच केला.

१९ मार्च, बुधवार

आज बाहेरून फिरवायचा प्रयत्न झाला. सदतिसावा आठवडा. इंजेक्शन दिलं, पोटाला जेल लावलं, मशीनवर बाळाचे ठोके चालू. डॉक्टर मॅडमनी दोन्ही हातांनी त्याचं डोकं आणि बूड धरून ढकललं. आई गं. कुणी खरं सांगत नाही किती दुखतं ते. दोनदा केलं. दुसऱ्या वेळी थोडंसं सरकलं, मी श्वास धरला, आणि परत जाग्यावर. ठोके जरा मंदावले तेव्हा मॅडमनी हात काढून घेतला. "बस. जबरदस्ती नहीं करेंगे."

नंतर शांतपणे सांगितलं. पायाने येणाऱ्या बाळाचं डोकं सगळ्यात शेवटी. तेच सगळ्यात मोठं. अंग बाहेर आणि डोकं अडकलं तर हातात मिनिटं असतात. नाहीतर आधी नाळच घसरते. कळा यायची वाट बघू नका, दोन एप्रिलला सिझर करू. पाणी गेलं तर त्या क्षणी निघून या. पुढच्या गुरुवारी घरच्यांना घेऊन सहीला या.

बाहेर आई बाकावर बसल्या होत्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, "नाही फिरलं." विचारलं पण नाही, सांगितलं. मम्मी असती तर आधी जवळ घेतलं असतं.

२० मार्च

लाथा सगळ्या खाली. चालताना मध्येच थांबावं लागतं.

२२ मार्च, शनिवार

आज इथे बासोडा. शीतला मातेचं थंड जेवण, चूल पेटवायची नाही. शेजारच्या द्वारकाजी राबडी, पुऱ्या, कैरीची लौंजी घेऊन आल्या. पहाटेच चाकसूच्या मेळ्याला जाऊन आल्या होत्या. म्हणाल्या, तिकडे एक दाई आहे, हाताने मालिश करून उलटं बाळ सुलटं करते, चलो कल, अपनी गाड़ी है. मी नको म्हणणारच होते. पण खरं लिहायचं तर मनात आलं, जाऊन बघायला काय हरकत आहे?

तेवढ्यात आई आतून आल्या. ओल्या हातांनी. "तिच्या पोटाले कोनी हात लावाचा नाही." मराठीतच. द्वारकाजींना शब्द कळले नसतील पण सूर कळला. ताट ठेवून गेल्या बिचाऱ्या.

मी भडकले. "आई, त्या प्रेमाने बोलत होत्या!" आईंनी एवढंच सांगितलं की दवाखान्यात जायचं तर जाऊ, दाई नको. आणि पुढच्या दाराला कडी लावून आल्या.

२४ मार्च, सोमवार

भांडण. मोठं.

प्रबुद्ध म्हणतो दोन तारीख नको, कळा येऊ दे. "आई खेड्यात बाळंत झाली, घरी, डॉक्टर नाही काही नाही. मी पायाने आलो. आहे ना तुझ्यासमोर धडधाकट?" मी म्हटलं, तू आहेस म्हणून माझं बाळ वाचेल हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? तर म्हणे तू सारखं वाईटच बोलतेस.

मला त्याची भीती माहीत आहे. त्याचे बाबा हर्नियाचं साधं ऑपरेशन म्हणून गेले होते, चालत गेले, आणि टेबलावरून परत आले नाहीत. तेव्हा हा बारावीत. ऑपरेशन शब्द काढला की याचा चेहराच बदलतो. त्यावर काय भांडायचं? पण मग माझी भीती कुणी बघायची? त्याच्या भीतीमागे गेलेले बाबा, माझ्या भीतीमागे फक्त डॉक्टरची चिठ्ठी, म्हणून माझी कमी धरायची?

मॅडम म्हणाल्या होत्या, तुमची एकटीची सही चालते. मग मी त्याच दिवशी का नाही केली? कारण मला वाटतं, माझ्या एकटीच्या सहीने गेले आणि काही झालं, तर जन्मभर मीच. आणि सही न करता काही झालं तरी मीच. दोन्हीकडून मीच.

आई समोर बसून लसूण सोलत होत्या. नवरा ऑपरेशनमध्येच गेला त्यांचा, त्या मुलाच्याच बाजूच्या असणार. शेवटी मीच विचारलं, "आई, तुम्ही तरी सांगा. तुम्ही हे सोसलंय ना?" त्यांनी प्रबुद्धकडे बघितलं. मग लसणाची ताटली घेऊन उठल्या.

इतका राग आला मला. अजूनही आहे.

२५ मार्च

बोलणं बंद. तिघांचं. प्रबुद्धला फुलेऱ्याच्या गाडीसाठी ड्यूटीचा कॉल आला, डबा न घेता गेला. आईंनी जिन्यातून मागे धावत जाऊन दिला.

२७ मार्च, गुरुवार

आज सहीला गेलो. प्रबुद्धने मॅडमना विचारलं, थोडं थांबता येईल का, मी स्वतः पायाने जन्मलोय. मॅडम आईंकडे वळल्या. "माताजी, आपका घर पे हुआ था?"

आई म्हणाल्या, "दो थे." मॅडमना कळेना. आई परत म्हणाल्या, "जुडवा. पहले लड़की. पैर से आयी." मग त्यांची हिंदी संपली. पुढचं मराठीतच, मॅडमकडे बघत. दाई ओरडली पाय आले, पाय आले. अंगणात सगळ्यांनी ऐकलं. मान बाहेर आली, डोकं आलं नाही. ती आतच गेली, मग ओढून काढली. मग हा आला, डोक्याकडून, नीट. तिला मागच्या दाराने नेलं. लोकांना वाटलं हाच पायाळू. "मी काही बोलली नाही. कोनी इचारलंही नाही."

मॅडमसाठी हिंदीत मी सांगितलं. सांगताना दोनदा थांबले.

मी सही केली. मग प्रबुद्धने केली. सिझर बुधवारी सकाळी आठला.

ऑटोने घरी निघालो. जगतपुऱ्याच्या रेल्वे फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा त्याने विचारलं, "आई, तिचं नाव काय होतं?"

"जे रडलंच नाही त्याले नाव कोन ठेवते बापा."