चौदा दिवस गप्प राहण्याची हमी

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या, आणि तुझ्याच शब्दांत ‘एकदा सुरू झाला की न थांबणाऱ्या’ भावाचा वाकून नमस्कार. गुडघा जिना चढू देतो का? भाऊजींच्या कानातलं नवं यंत्र कसं चाललंय? (मागच्या भेटीत मी बोलायला लागलो की ते यंत्र काढून खिशात ठेवत होते. मी पाहिलंय. मनात काही ठेवलेलं नाही, फक्त इथे नोंद करतो.) आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे तुझी भावजय ठीक आहे आणि मी संतापलेलो आहे.

कारण मुळापासून सांगतो. हिने तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन माझी भाषणं. मागच्या महिन्यात ती निवृत्त झाली. निरोपाचा गुच्छ टेबलावर ठेवून तिने कपाट उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूला अकरा वर्षं चिकटवलेलं कॅलेंडरचं पान सोडवून माझ्यापुढे ठेवलं. पानावर परदेशातलं एक तळं, एक बैठं घर आणि आपल्याकडे पाठ करून उभी असलेली एक मेंढी. म्हणाली, “मला इथे जायचंय. चौदा दिवस. तुमच्याबरोबर.” ताई, संसारात तिने मागितलेली ही पहिली सहल. आजवरचा आमचा प्रत्येक प्रवास माझ्या कुठल्या तरी सभेसाठी झाला आणि ती पहिल्या रांगेत बसून माझा पाण्याचा तांब्या सांभाळत राहिली. मी तत्काळ हो म्हटलं. इथवर माझी काही चूक असेल तर दाखव.

पण तो देश म्हणजे काही मेंढी नव्हे! तिथे दोन हजार वर्षांची शहरं आहेत. राजांनी लोकांची डोकी उडवली आणि पुढे लोकांनी राजांची, असे चौक आहेत. जगभरातून उचलून नेलेल्या वस्तूंनी गच्च भरलेली संग्रहालयं आहेत. मी ग्रंथालयातून सत्तावीस पुस्तकं आणली (ग्रंथपालाने ती हातगाडीवर घालून दिली) आणि नऊ दिवस खपून आराखडा केला: चौदा दिवस, अकरा शहरं, प्रत्येक चौकात माझं चाळीस मिनिटांचं विवेचन. खेड्यापाड्यांवरही अन्याय केला नव्हता. सहाव्या दिवशी आगगाडीच्या खिडकीतून सलग दोन तास. हिने तो वाचला, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि विचारलं, “मेंढी कितव्या दिवशी?”

मग आम्ही प्रवास कंपनीत गेलो. तिथला तरतरीत गृहस्थ आराखडा बघून म्हणाला, “काका, यात जेवायचं कधी?” तेही मी सोसलं. पण नंतर त्याने भिंतीवरच्या एका महालाच्या चित्राकडे बोट केलं आणि म्हणाला की हा राजाने राणीवरच्या प्रेमापोटी बांधला. राजाने बांधला? राजाने आयुष्यात एक वीट तरी उचलली होती का? मी उभा राहिलो. (बसून मला संताप नीट येत नाही.) पाथरवट, गवंडी, ओझी वाहणाऱ्या बाया, सगळ्यांची बाजू मांडली. बाकावर एक नवं जोडपं बसलं होतं. नवरीने टाळ्या वाजवल्या. नवरदेव तिच्या कानाशी लागून म्हणाला, “आपण समुद्रावर जाऊ. तिथे कोणी काही बांधलेलं नसतं.” कंपनीवाल्याने व्हिसाचे अर्ज आमच्या हातात कोंबले आणि म्हणाला, “वकिलातीत तुमचे तुम्हीच जा, काका. आम्हाला तिथे रोज तोंड दाखवावं लागतं.”

आता अर्जाची अक्कल बघ. ‘भेटीचा हेतू’ असा प्रश्न, आणि उत्तराला जागा दोन बोटं! माणसाच्या हेतूची ही किंमत? मी ‘सोबतची पुरवणी पाहावी’ असं लिहून एकोणीस पानं जोडली. शेवटी त्या देशाच्या सरकारला सहा प्रश्न विचारले. पहिला अगदी साधा होता: संग्रहालयातल्या वस्तू ज्यांच्या त्यांना परत कधी देणार? हिने तेवढ्याच जागेत एक शब्द लिहिला, ‘बघायला’, आणि तरी निम्मी जागा उरली.

मुलाखतीला काचेपलीकडे एक अधिकारी बाई होत्या. पुढ्यात माझी पुरवणी, तिच्यावर लाल खुणा. त्यांनी शांतपणे विचारलं, “आपण तिथे सार्वजनिक भाषण करणार आहात का?” नाही म्हणालो असतो तर गोष्ट संपली असती, हे मला हिने नंतर सात वेळा सांगितलं आहे. पण चाळीस वर्षं व्यासपीठावरून सत्य सांगणाऱ्या माणसाने एका काचेला भिऊन खोटं बोलायचं? मी म्हणालो, “बाई, ते समोरच्या अन्यायावर अवलंबून आहे.” आणि मग अन्याय म्हणजे काय ते थोडक्यात सांगू लागलो. थोडक्यातच, पण काचेपलीकडे पोचावं म्हणून जरा खड्या आवाजात. रांगेतली माणसं वळून बघू लागली, आणि दोन पहारेकरी माझ्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले. त्यातला थोरला मला हळूच म्हणाला, “साहेब, मुद्दा बरोबर आहे, पण खुर्चीवरून खाली उतरा.”

हिची मुलाखत अर्ध्या मिनिटात आटोपली. बाईंनी विचारलं, बरोबर कोण? ही म्हणाली, “हे. आणि यांना नाही सोडलं तर मी एकटी.” ताई, एकटी! तिच्या पारपत्रावर तिथल्या तिथे शिक्का बसला. मला मात्र आठ दिवसांची मुदत मिळाली: भाषण करणार नाही असं लेखी द्या, नाहीतर घरी बसा. मी लिहायला घेतलं. पहिली ओळ ‘मी भाषण करणार नाही’ अशी सरळ उतरली, पण ‘कारण’ लिहिल्यावर वाणीच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला आणि चौदा पानं झाली. बाईंनी ती न वाचता परत पाठवली. मुदतीतले पाच दिवस संपले. ही एकच बॅग भरते आहे आणि भरताना गुणगुणते आहे. आमच्या घरात गुणगुणायला आजवर सवडच नव्हती, त्यामुळे तिचा आवाज इतका बरा आहे हे मला आत्ता कळतंय. अशा वेळी तत्त्वनिष्ठ माणसाने काय करावं, ते तूच सांग. मी झुकणार नाही, एवढं नक्की.

भाऊजींना नमस्कार. (यंत्र घातलेलं असेल तर मोठ्याने, नसेल तर राहू दे.)

तुझा,
धाकटा

ता.क. सोबत वकिलातीचा एक छापील कागद आहे. अर्जदार चौदा दिवस भाषण करणार नाही, याची हमी देणाऱ्या वडीलधाऱ्या नातेवाइकाची सही खाली हवी. माझी मी केली आहे. (कागदावर ‘कारण’ लिहायला जागाच नाही, म्हणून जमलं.) सात वर्षांचा असताना मी पाहुण्यांसमोर पाण्याच्या टाकीवर चढून बोलत होतो, तेव्हा तू नुसतं बोट वर केलंस आणि मी खाली उतरलो. जगात ती ताकद तुझ्याकडेच आहे. परवापर्यंत कागद पोचव, नाहीतर ती खरंच एकटी जाईल.

ता.क. २. आराखड्यातली दहा शहरं मी खोडली आहेत. अकरावं नाइलाजाने ठेवलं, कारण तिथे गाडी बदलावी लागते. गाड्यांमध्ये चाळीस मिनिटं मिळतात आणि स्टेशनसमोरच तो डोक्यांचा चौक आहे. अगदी छोटं टिपण काढलंय. हिला सांगू नकोस.

ता.क. ३. ताई, पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. सही करून टाका. त्या चाळीस मिनिटांचं मला ठाऊक आहे, तांब्या बॅगेत घेतलाय. तळ्याकाठी एकटीला तेवढी शांतता झेपायची नाही.