शेजारच्या सीटचा ब्रेक

तीर्थस्वरूप वन्सं यांना नमस्कार. (वाकून केलेला समजावा, कंबर हल्ली कागदावरच वाकते.) खोकला कसा आहे? औषध वेळेवर घेत नसालच, म्हणून पुढचं विचारत नाही. मी उत्तम आहे. जेवण जातं, झोप लागते, आणि एकटीला करमत नाही असं कुणी तुमच्या कानावर घातलं असेल, तर त्याच्याकडे लक्ष देऊ नये.

पत्राला कारण गाडी. तुमचे बंधू गेल्यावर 'विकून टाक ती, तुला झेपायची नाही,' असं तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात. मी विकली नाही. क्लास लावला, परवाना काढला आणि त्यांची ती छोटी एसयूव्ही आता मीच चालवते. तेव्हा पुढचा मजकूर वाचून 'मी म्हटलं नव्हतं का' असं मनातसुद्धा म्हणू नये.

झालं असं, की ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून पाटीवर नख ओढल्यासारखा आवाज यायला लागला. दुसऱ्याच दिवशी गॅरेज गाठलं. मेकॅनिकने चाक उतरवून ब्रेक पॅड दाखवले. (हे पॅड म्हणजे चाकामागच्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या वड्या.) त्या झिजून पत्र्याला टेकल्या होत्या. त्याने पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड बदलले, मी पैसे दिले आणि विषय संपला, असं मला वाटलं.

थोड्याच महिन्यांत पुन्हा तोच आवाज. मेकॅनिक चक्रावला. काकू, घाटात राहता का, म्हणाला. मी म्हटलं, आमचा रस्ता ताटासारखा सपाट आहे. मग एवढ्या फिरता तरी कुठे, असं त्याने विचारलं. कामाला, असं मी ठणकावून सांगितलं. (काम म्हणजे, दोऱ्यांच्या दुकानापर्यंत जायचं, एक रीळ घ्यायचं आणि लांबच्या रस्त्याने परत यायचं. घरात आता हरतऱ्हेच्या रंगाचे दोरे आहेत. शिलाई मशीन तुम्ही नेलेलं आहे, हे लक्षात आहे ना?) शेवटी त्याने माल बनावट असल्याचा निकाल दिला आणि माझ्यासमोरच दुकानदाराशी फोनवर भांडला. भांडण उत्तम झालं. मी स्टुलावर बसून चहा घेतला आणि मध्ये मध्ये दोन मुद्दे पुरवले. घरी महिनाभरात जेवढं बोलणं होतं, तेवढं तिथे एका चाकामागे झालं. दुसऱ्या दिवशी आवाज येतोय असं सांगून मी पुन्हा गेले. आवाज येत नव्हता.

उलगडा झाला तो सिग्नलला. एक व्हॅनवाला बराच वेळ मागून हॉर्न वाजवत होता. शेजारी येऊन त्याने काच खाली केली आणि विचारलं, "आजी, गाडी चालवताय की थांबवताय? मागचा लाल दिवा विझायचं नाव घेईना." (आजी. माझे केस काळे आहेत, कशाने ते सोडा.) त्याला दोन शब्द सुनावणार होते, पण आधी पायांकडे पाहिलं.

या गाडीला क्लच नाही. डाव्या पायाने नुसतं बसून राहायचं, दोन्ही कामं उजव्याने करायची, हे मला क्लासात घोटून घेऊन शिकवलं होतं. आणि माझा डावा पाय ब्रेकवर होता. त्या क्षणापुरता नव्हे, वन्सं, घरापासून होता.

तुम्हाला आठवतच असेल. तुमचे बंधू चालवायचे, मी शेजारी. पुढे ट्रक दिसला, म्हैस दिसली, नुसतं वळण दिसलं, तरी माझा डावा पाय गाडीचा तळ दाबायचा. जन्मभर दाबला. ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचे, "अगं, तुझ्या पायाखाली ब्रेक नाही," आणि मागच्या सीटवर तुम्ही तोंडाला पदर लावून हसायचात. मला दिसायचं, आरसा होता. आता त्या पायाला इतक्या वर्षांनी खरा ब्रेक सापडला आणि त्याने तो सोडलाच नाही.

आता तिसऱ्यांदा पॅड बदलले आहेत. डावा पाय मी सीटखाली दुमडून ठेवते. मेकॅनिकला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर स्टुलावर बसायला कारण उरणार नाही. तो अजून दुकानदाराशी भांडतो आहे, आणि चांगला भांडतो.

आता पुरे करते. तब्येतीला जपावं आणि माझी काळजी करू नये.

आपली,
गाडी न विकलेली वहिनी

ता. क. : शिलाई मशीन पाठवून द्यावं. दोरे तयार आहेत.

आणखी ता. क. : मशीन कुरिअरने पाठवू नये, मोडतं. स्वतः घेऊन यावं. स्टेशनवर मी गाडी आणते.

शेवटचं ता. क. : नवे पॅड नीट बसेपर्यंत गाडी रोज थोडी, सावकाश फिरवायची असते. दोऱ्यांचं दुकान सोडून मला जायला ठिकाण नाही. तुम्ही पुढे, शेजारी बसा. भीती वाटली तर खुशाल पाय दाबा, तिथे झिजण्यासारखं काही नाही. तुमच्या पायाखाली ब्रेक नाही, एवढं म्हणायला मला गाडीत कुणीतरी हवं आहे.