तिसऱ्या पुलापुढे

२ नोव्हेंबर, रविवार
ऋतुजा दिवाळी करून पुण्याला गेली आणि जाताना तिचा हातातला गेम इथेच ठेवून गेली. म्हणे, "आई, तुला संध्याकाळी काहीतरी हवं." म्हणजे मी रिकामी बसते असं लेकीचं मत. मोबाइलएवढाच आहे, जरा जाडसर. डाव्या अंगठ्याला दांडी, उजव्याला बटणं. आत पूर्वीच्या दुकानांतले गेम कोंबलेत, शेकड्याने. निम्मी नावं वाचताही येत नाहीत. सहज खाली सरकवत होते आणि थांबलेच. हेलिकॉप्टर. खोपोलीचं. स्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातलं, तेच.

भात करपला. ह्यांनी मुकाट्याने खाल्ला, म्हणजे उद्या बोलतील.

४ नोव्हेंबर, मंगळवार
जमत नाही. पहिल्या पुलाच्या आतच खलास. आणि आम्ही तर तिसऱ्या पुलापर्यंत जायचो!

भांडी घासताना लक्षात आलं. हा गेम मी कधी खेळलेच नाही, अर्धा खेळले. शनिवारी दादा नि मी पळसदरीहून बाबांचा डबा घेऊन खोपोलीला जायचो, कारखान्याच्या गेटवर डबा दिला की तडक दुकानात. नाणं एक आणि खेळणारे दोन. म्हणून दांडी दादाकडे, बटणं माझ्याकडे. तो उडवणार, मी गोळ्या झाडणार, बॉम्ब टाकणार. तिथली सगळीच भावंडं तशी खेळायची. त्यामुळे डाव्या हाताला काही म्हणजे काही ठाऊक नाही. हसूच आलं.

तिसऱ्या पुलावर मात्र दर वेळी मरायचो. मग दुकान बंद झालं. त्या पुलापलीकडे काय होतं, हे अजून माहीत नाही. इतकी वर्षं आठवलंही नव्हतं, आता दोन दिवस दुसरं काही सुचत नाहीये.

६ नोव्हेंबर, गुरुवार
शाळेत शिकवून घरी आल्यावर ह्यांना दांडी धरायला लावली. गडी हेलिकॉप्टर चालवतो की बैलगाडी! शिवाय मलाच, "तू उशिरा दाबतेस." दुसरा पूल लांबून दिसला. चहा निवला. उद्यापासून ह्यांना बोलवायचं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
पण ह्यांचं खरं होतं. उशीर होतोच. का, ते शोधत होते. मी पडद्याकडे बघून बॉम्ब टाकतच नसे. दादाच्या कोपराकडे बघायचे. कोपर वर आलं की दाब, खाली गेलं की सोड. तो तोंडाने काही सांगायचा नाही.

दादालाच विचारावं. पण दादा बोलतोय कुठे?

गणपतीत आला होता. धरणाजवळच्या शेताला गिऱ्हाईक आलंय, कुणाला तरी फार्महाऊस बांधायचंय. बहिणीने हक्क सोडल्याची सही हवी. आमच्याकडे बहिणी करतातच. आत्याने केली, जावांनी केल्या, साडी घेऊन घरी आल्या. मी म्हटलं, जमीन नको, पैसे नकोत, सात-बाऱ्यावर नाव तेवढं राहू दे. दादा म्हणाला, "नाव राह्यलं तर गिऱ्हाईक राहील का गं?" आणि उठला. भाऊबीजेला आला नाही. ओवाळणीचं ताट तसंच उचलून ठेवलं. रडले नाही असं इथे लिहिणार होते. रडले.

११ नोव्हेंबर, मंगळवार
माहेरच्या ग्रुपवर गेमचा फोटो टाकला, पडद्यावर हेलिकॉप्टर दिसेल असा. खाली काहीच लिहिलं नाही. वहिनीचा अंगठा आला. चुलत बहिणीने विचारलं, नवीन मोबाइल का?

रात्री जेवणं झाल्यावर दादाचा मेसेज. ग्रुपवर नाही, मला एकटीला. "पुलाच्या आदी डावीकडं घ्यायचं." बस्स. गणपतीनंतर पहिला शब्द.

डावीकडे घेऊन पाहिलं. मेले.

१६ नोव्हेंबर, रविवार
दादा आला. मोटारसायकलवर, नव्या तांदळाची पिशवी घेऊन. भाताची झोडणी उरकली म्हणाला. ह्यांच्याशी खताचं बोलला, माझ्याशी पाण्याच्या ग्लासापुरतं. मग म्हणाला, "कुठाय ते?"

एवढासा गेम, दोघांनी धरायचा म्हणजे चिकटूनच बसावं लागतं. डावी बाजू त्याच्याकडे, उजवी माझ्याकडे. कोपराकडे बघायची गरजच पडली नाही, ते माझ्या बरगडीतच घुसत होतं. दादाचे हात केवढे राठ झालेत. चष्मा विसरला होता, ह्यांचा लावला. दुसरा पूल पहिल्याच खेपेला. तिसऱ्यावर मेलो, परत मेलो. "तू घाई करतेस." "तू खाली घेतोस." हे आतून म्हणाले, "चहा ठेवू का तुम्हा पोरांना?"

आणि पार झालो.

पलीकडे काय? तीच पहिली नदी. तीच झाडं, तोच पहिला पूल. नुसतं पाणी निळ्याचं लाल केलंय. दादा बघतच राहिला. "आयला, हेच हाय व्हय?" असे हसलो की मला ठसका लागला. पाठ त्यानेच थोपटली.

मग गेम हातात तसाच चालू, मान वर न करता म्हणाला, "गुरुवारी कर्जतला रजिस्ट्रीला जायचं हाय. गिऱ्हाईक थांबत नाय आता."

माझा अंगठा थांबला. हेलिकॉप्टर पडलं. दादाने गेम माझ्या मांडीवर ठेवला. चहा पिऊन गेला.

हे विचारतात, तो खेळायला आला होता की सहीला? मलाही तेच जाणून घ्यायचंय. राग यायला हवा होता. राग आलाय, पण दादा परत यावा असंही वाटतंय, आणि दोन्ही एकाच वेळी वाटतंय.

१९ नोव्हेंबर, बुधवार
मुख्याध्यापकांकडे उद्याची रजा टाकली. कारण "घरगुती". खोटं नाही.

संध्याकाळी दादाचा फोन. "सही नाय केलीस तरी मी काय तुला मारणार नाय. पण ये." मग, "आणि ते यंत्र आण. तितं लय वेळ बसवून ठेवतात."

गेम चार्जिंगला लावलाय. सहीला लागणारं आधार कार्ड कपाटातून काढलं, पुन्हा आत ठेवलं, पुन्हा काढलं. आत्ता टेबलावर आहे. पर्समध्ये टाकलेलं नाही.