मसाल्याची वाटी

आई, गेल्या आठवड्यात गंगापूर रोडच्या एका नव्या हॉटेलात जेवायला गेलो, तर तुझं निम्मं स्वयंपाकघर तिथल्या भिंतीवर मांडलेलं. पुरणयंत्र, वातीचा स्टोव्ह, पितळी डबे, कुणाच्या तरी आज्जीचा खलबत्ता. पोरं त्यांच्यापुढे उभी राहून फोटो काढत होती. मी मात्र येड्यासारखी प्रत्येक फळीवर तुझी मसाल्याची वाटी शोधत होते. ती विंचूरला वहिनीच्या पिठाच्या डब्यात आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तरीही.

काठाला चेपलेली ती पितळी वाटी. तुझ्या हातची वही माझ्याकडे आली आणि वाटी राहिली तिकडे. वहीत लिहिलंय, मिरची एक किलो, धने सहा वाट्या, खोबरं चार वाट्या, खसखस अर्धी वाटी. कुठली वाटी ते तू लिहिलं नाहीस, कारण तुझ्या घरात मसाल्याला दुसरी वाटीच नव्हती. मी दर उन्हाळ्यात माझ्या स्टीलच्या वाटीनं मोजते, कांडपावरून कुटून आणते, आणि दर वर्षी नुसता जाळ होतो. वहिनीचा मसाला मात्र हुबेहूब तुझा. जेवायला बसलेले बोटं चाटतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आणि हे सगळं तुझंच केलेलं आहे. बारावीच्या वर्षी मी मिरच्यांची देठं खुडायला बसले, तर तू हातातलं सूप ओढून घेतलंस. "ऊठ. इथं काय ठिवलंय तुझं? चूल काय पळून चालली नाय. जा, अभ्यास कर." मी उठले. शिकले, बँकेत लागले, नाशकात फ्लॅट घेतला, तू गावभर माझं कौतुक सांगत फिरलीस. मग दादाचं लग्न झालं आणि त्याच जागेवर तू वहिनीला बसवलंस. मी दिवाळीला येते तर तुम्ही दोघी ओट्यापाशी कुजबुजताय, खुसूखुसू हसताय, आणि मला बाहेर खुर्चीवर चहा आणून देताय. पाहुणीला देतात तसा, कपबशीत. तेव्हापासून जळते मी तिच्यावर. ती वाईट असती तर सोपं गेलं असतं गं.

हॉटेलात गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी विंचूर गाठलं. वहिनी गच्चीवर पापड उलटायला गेली आणि मी डबा उघडला. वाटी पिठासकट पर्समध्ये टाकली. पन्नाशी उलटलेली बाई, सख्ख्या भावाच्या घरात चोरी करते! बस नाशकात शिरेपर्यंत पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. घरी येऊन पाहिलं, तर माझ्या दीड वाट्या तिच्यात मावतात. इतकी वर्षं मी धने-खोबरंच कमी घालत होते. लगेच मसाला केला, त्याची आमटी केली. पहिल्याच घासाला डोळे मिटले. तूच होतीस. तेवढ्यात लेक म्हणाला, "आई, आज एकदम मामीसारखी झालीय आमटी!" असा संताप आला म्हणून सांगू! "मामीची कसली? आजीची आहे ही!" असं ओरडले त्याच्यावर.

काल वहिनीचा फोन आला. "ताई, आईंची वाटी कुठं गेली काय की. सगळं घर पालथं घातलं. रोज पीठ घेताना हाताला लागायची, बरं वाटायचं हो." आणि हुंदके देऊन रडली, लहान पोरीसारखी. मी म्हणाले, "सापडेल हो वहिनी, कुठं जाईल?" म्हणताना वाटी माझ्या समोर ओट्यावर होती.

हा कागद मी फाडणारच आहे, म्हणून सांगते. लाज वाटायला हवी होती, ती वाटलीही, पण मागाहून. आधी वाटला तो हेवाच, तिच्या रडण्याचा. तुझ्या दहाव्याला गोदाकाठी सगळे रडत होते, आणि माझ्या डोक्यात एकच, ती वाटी आता कुणाकडे जाणार. आई, तुझ्यासाठी असं मी अजून एकदाही रडलेले नाही.