खालच्या पायरीवरचा सिल्क बोर्ड चौक

अत्ते,

ऑफिसची गाडी खाली येऊन उभी आहे आणि मी अजून हॉलमध्येच, चपला हातात घेऊन. यंदा नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या नाहीत, मला मान वर करायला वेळ नाही, असं सून असून मी तुम्हाला फटकन बोलले होते. काल अंधारातच येऊन झोपले, आणि आज दिवा लावला तर छताला टेकलेल्या, बाहुल्यांनी भरलेल्या सात पायऱ्या! गुडघे दुखतात ना तुमचे? चढलात कशा?

पायऱ्यांवर अंथरलेल्या पांढऱ्या धोतराखाली डोकावले. बाजारात जायला सवड नाही म्हणून मी मागवत असते, त्या सामानाची खोकी रचून केलेल्या पायऱ्या! आणि सर्वांत वर माझ्या आईने लग्नात दिलेली राजा-राणीच्या बाहुल्यांची जोडी.

खालच्या पायरीवर दरवर्षी बाग असते. यंदा तुम्ही आजी-नातीने, मी रोज ऑफिसहून येताना गाड्यांच्या गर्दीत अडकते तो सिल्क बोर्ड चौक मांडलाय. पुठ्ठ्याच्या पुलावर मोटारी एकमेकींना चिकटलेल्या, पलीकडे काडेपेट्यांचं आपलं घर. मधल्या मोटारीत कणकेची बाई, कानाला फोन. टिकलीसुद्धा माझीच.

अन्विताचा डबा भरलाय. तिला शाळेत तुमचा मुलगा सोडेल, त्याला उठवा. उसळीचे हरभरे भिजलेत. संध्याकाळी सहाला बायका आरतीला येतील तेव्हा मी घरात असेन. साहेबाला काय वाटायचं ते वाटो.

ती मोटार मी पुलावरून काढून घराच्या दारात लावलीय. अन्विताला सांगा, परत पुलावर नेऊ नकोस.

भार्गवी