दारामागचा लाकडी हात

ताई,

दारामागचा लाकडी हात जागेवर नाही. चोर आला नव्हता, मीच घेऊन गेलोय. तुझी छत्री खुर्चीवर ठेवली आहे.

तू ऑफिसात असताना आत्या आली होती, या घरी पहिल्यांदाच. मी नेहमीसारखी हाताची ओळख करून दिली, "या आमच्या लाल नखांच्या मावशी. पगार न घेता छत्र्या सांभाळतात." आत्या हसली नाही. म्हणाली, "अरे, हा माझ्या बाबांचा हात आहे."

आजोबांच्या पेटीत सापडला म्हणून आपण तो त्यांच्या कापडदुकानातल्या पुतळ्याचा समजत होतो. त्यांचा खरा हात दुकान काढायच्या आधीच कारखान्यात गेला होता. ते आपल्या जन्माआधीच वारले, आणि आपण कधी विचारलंच नाही. शाळेत जाताना आत्या मुद्दाम हाच हात धरायची. कितीही घट्ट आवळला तरी बाबांना दुखायचं नाही म्हणे. एवढं सांगून ती चहा न घेताच गेली.

नेलपॉलिश काढायची तुझी बाटली मी संपवली. बाकीची नखं साफ झाली, अंगठ्याचा लाल रंग लाकडात मुरलाय. घासताना नीट पाहिलं, करंगळी झिजून बारीक झालीय. मी ती बनवणाऱ्याची चूक समजून पाहुण्यांना हसवायचो.

आत्याकडे निघालोय. हात पिशवीत कोंबायचा धीर होत नाही, बसमध्ये मांडीवर घेऊन बसेन. जेवून घे. तिने दार उघडल्यावर काय बोलायचं, ते मला सुचत नाहीये. तुला सुचलं तर फोन कर.

बडबड्या