अंगठ्याने गेलेली वाडी

लिहून ठेवतो मी, सहदेव वल्द महादजी भुयार, जात कुणबी, वय चौसष्टाच्या आसपास, मूळ राहणार दर्यापूरकडचा, हल्ली वस्ती अमरावती, धंदा पूर्वी कापसाची दलाली, हल्ली काही नाही.

शेजारचे वामनराव गुरुजी समोर बसले आहेत. ते म्हणाले, "'काही नाही' असे दस्तात बरे दिसत नाही. 'हल्ली स्वस्थ' असे लिहा." मी स्वस्थ नाही. म्हणून लिहिले तेच राहू द्यावे.

गुडघे थकले आहेत. डोळ्यांना लांबचे दिसते, जवळचे अंधुक दिसते. डोके ठिकाणावर आहे. कोणी सांगितले किंवा भरीस घातले म्हणून लिहीत नाही. माझे कुटुंब कौशल्या गेल्या भाद्रपदात तापाने वारली. पोटी संतान नाही. सबब माझ्यामागे भांडण होऊ नये म्हणून मिळकतीची व्यवस्था येणेप्रमाणे.

कलम पहिले. राहते घर, तीन खणांचे, मागे गोठा, हे माझा पुतण्या शेषराव याला द्यावे. तो माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, दर्यापुरास शेती करतो. मुलगा वाईट नाही. कौशल्येच्या दहाव्याला, पिंडाला कावळा शिवायच्या आधी, तो मला म्हणाला, "काका, काकू तर गेली. आता त्या वाडीत सरकी टाकू. भाजीपाल्यात काय ठेवलं हाये?" ते मी विसरलो नाही. पण त्यापायी घर अडवणार नाही. या कलमाला एक अट आहे, ती पाचव्या कलमात येईल.

कलम दुसरे. माझी बाजारची पगडी व उपरणे कोणाला देऊ नये. माझ्याबरोबर जाळावे.

उपरण्याविषयी दोन शब्द लिहितो, कारण पुढचे त्यावाचून कळणार नाही. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल एकमेकांचा हात धरतात, वर उपरणे टाकतात, आणि बोटांनी भाव करतात. एक बोट धरले तर एक, पंजा धरला तर पाच. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. शेवटी तळहाताच्या मध्यावर अंगठा दाबला की सौदा झाला. त्यावर कागद नाही, साक्ष नाही. अंगठा दाबल्यावर फिरला तो माणूस पुन्हा बाजारात उभा राहत नाही. चाळीस वर्षे मी हेच काम केले.

कलम तिसरे. अकोल्याच्या एका व्यापाऱ्याला, ज्याचे नाव त्याला माहीत आहे, मी क्षमा केली असे लिहावे असे गुरुजी म्हणतात. लिहितो, की केलेली नाही. वीसेक वर्षांपूर्वी त्याने आतून भिजवलेल्या कापसाचे गठ्ठे माझ्या हातून विकवले. घेणाऱ्याच्या तळहातावर अंगठा माझा होता, म्हणून नुकसान मी भरून दिले. त्यात कौशल्येच्या पाटल्या गेल्या. स्वयंपाक करताना ती रिकाम्या मनगटावर पदर ओढून घेत असे, तेवढेच. त्यानंतर अकोला आणि अमरावती दोन्ही बाजारांत माझ्या अंगठ्यावर कोणी शंका घेतली नाही.

कलम चौथे. हे वाडीविषयी आहे आणि लांबेल.

शहराच्या पूर्वेस नाल्याकाठी माझी विहिरीसह वाडी आहे. शके १७८५ साली ती घेतली. विलायतेला अमेरिकेचा कापूस यायचा बंद झाला होता आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या वर्षी लोक अंगणातसुद्धा सरकी टोचत होते. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. मी कौशल्येला म्हटले, पाटल्या कर. ती म्हणाली, "पाटल्या नोको. मले नाल्याकाठची ती वाडी घेऊन द्या. सारा मुलूख कापूस पेरून राह्यला. लोकं खातीन काय, कापूस?" मी हसलो होतो. पण घेऊन दिली. शेजारच्या पट्टीत तानुबाई माळीण भाजी करी. ती विधवा, हाताची फार चांगली. तिच्याकडून कौशल्या सगळे शिकली. पुढच्या वर्षी बाजारात भाजी मिळेना, तेव्हा मोठमोठ्या पेढ्यांचे लोक कौशल्येच्या वांग्यांसाठी माणूस पाठवीत. मी तेव्हा वाडीत दोनदा गेलो असेन.

मग अमेरिकेची लढाई संपली, भाव पडला, बडनेऱ्याला आगगाडी आली, आणि ज्या पेढीचे काम मी करीत होतो तिने अमरावतीचे दुकान उठवले. शके १७८७ च्या दसऱ्याला सगळ्यांनी नवा हंगाम धरला. मी धरला नाही. सगळे म्हणाले, आता आराम करा.

आराम मला करता आला नाही. पहाटे त्याच वेळी जाग येई. पगडी बांधून फाटकापर्यंत जात असे आणि परत येत असे. अंगण झाडताना कौशल्येला माझ्यासाठी दोनदा झाडू थांबवावा लागे. मी तिचे डबे उंचीप्रमाणे लावले. ती म्हणाली, "माह्या डब्यायले हात लावू नका. बाजारात काय डबे इकत होते?" देवाच्या वातींचा कापूस मी उलगडून पाहिला आणि धागा आखूड आहे म्हणालो. ती म्हणाली, "देवाले चालते." रस्त्याने कापसाच्या गाड्या जात. माझा हात आपोआप जाई आणि चिमूटभर कापूस ओढी. एकदा एक गाडीवान ओरडला, "ओ बुवा, घ्यायचा हाये का? नाई तं काहून उपटून राह्यले?" सगळी आळी हसली. त्या दिवसापासून मी घराबाहेर पडेना. जेवताना माझी बोटे ताटाच्या काठावर चालत, ते मला माहीत नव्हते. कौशल्येने पाहिले होते.

एके दिवशी ती मला वाडीत घेऊन गेली. बांधावर बसवले. टोपलीभर वांगी पुढे ठेवली, पदराखाली हात घेतला आणि म्हणाली, "हं. भाव करा."

मी म्हटले, वेड लागले काय.

"येते मले. चाळीस वर्सं ताटावर तुमची बोटं पाहून राह्यली. द्या हात."

तिला खरेच येत होते. पंजा, दोन बोटे, अर्धा, पाव, सगळे. मी गंमत म्हणून कमी धरले. तिने माझे बोट असे पिरगाळले की मी वर चढलो. तानुबाई मोटेवरून ओरडली, "अवो बाई, नवऱ्यासंगं पदराखाली कायचा सौदा वं?" कौशल्या म्हणाली, "तुह्या वांग्याचा! गप ऱ्हाय." शेवटी अंगठा मी दाबला आणि सौद्यात मी हरलो. हरलो म्हणून टोपली मला डोक्यावर घेऊन घरी जावे लागले. पगडीवर वांग्यांची टोपली घेऊन मी कापसाच्या बाजारासमोरून गेलो. लोक हसले असतील. मला त्या दिवशी लाज वाटली नाही, ती का वाटली नाही हे मला अजून समजत नाही.

त्यानंतर रोज. कधी मेथी, कधी सांबार म्हणजे कोथिंबीर, कधी नुसत्या मिरच्या. हरलो की ओलीत करायचे, म्हणजे वाफ्यांना मोटेचे पाणी द्यायचे, जिंकलो की बसायचे. दोन वर्षांत मी फार तर दहा वेळा जिंकलो असेन, आणि तेही तिने जिंकू दिले असे तानुबाई म्हणते. त्या दोन वर्षांत मी आजारी पडलो नाही.

तापात शेवटच्या दिवशी कौशल्या शुद्धीवर होती. म्हणाली, "वाडी तानुले द्या. ते सरकी नाई पेरणार." मी 'हो' म्हणालो.

कलम पाचवे. आता माझी चूक लिहितो.

चंद्रभान वल्द तुकाराम हा बाजारात माझ्याविरुद्ध बसणारा दलाल. तीस वर्षे आम्ही एकमेकांची गिऱ्हाइके ओढली. माझ्यानंतर वर्षाने त्याचेही काम सुटले. कौशल्येच्या तेराव्याला तो आला, माझ्या शेजारी टेकला आणि त्याने माझा हात हातात घेतला. पावसाळी गारठा होता. माझ्या अंगावरची घोंगडी दोघांच्या हातांवर आली. तो हळूच म्हणाला, "सहदेवा, वाडीचं काय करतू आता? मले दे." त्याची बोटे माझ्या बोटांवर चालली. मी समोरच्या पानाकडे पाहत होतो. त्यावर तिला आवडणारी वाटलेल्या डाळीची भाजी वाढली होती. माझ्या अंगठ्याने काय केले ते मला नंतर कळले. चंद्रभान एकदम ताठ झाला आणि दहा माणसांत म्हणाला, "झालं."

किती बोटे होती ते लिहीत नाही. त्याने काही दिले नाही, मी काही घेतले नाही. पण अंगठा माझा होता.

आठ दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. म्हटले, "चंद्रभान, तो अंगठा माझा नव्हता. सवयीचा होता."

"मंग कोनाचा होता? माह्या मामाचा?"

"मी शुद्धीवर नव्हतो."

"सौदा करताना कोन शुद्धीवर राह्यते बावा! चाळीस वर्सं त्याच अंगठ्यावर भाकर खाल्ली ना तू? मले घाई नाई. तू हाये तोवर राहू दे. मंग मी घेतो."

"घेऊन करणार काय?"

"बशीन."

"नुसता?"

तेवढ्यात त्याची सून झाडू घेऊन आली आणि तो न सांगता ओसरीवरून उठून दाराशी उभा राहिला. मग दारातून उठून पायरीवर. सुनेचे झाडून होईपर्यंत त्याने तीन जागा बदलल्या. मी ते पाहिले आणि घरी आलो.

गुरुजी म्हणतात, वाडी पाटल्यांच्या बदल्यात घेतली, म्हणजे ती कौशल्येची. माल दुसऱ्याचा म्हणून सौदा आपोआप रद्द होतो. कचेरीत तसे होत असेल. आमच्या बाजारात अंगठा दाबल्यावर 'माल माझा नव्हता' म्हणणाऱ्याला चोर म्हणतात. मी तसे म्हणणार नाही.

म्हणून वाडीवर माझे दोन शब्द आहेत. एक कौशल्येला तोंडाने दिलेला, एक चंद्रभानला हाताने दिलेला. दोन्ही माझेच. यांतला एक मोडल्याशिवाय मी मरू शकत नाही, आणि मोडण्याचे मला शिक्षण नाही. सौदा सोडायचा अधिकार फक्त घेणाऱ्याला असतो. सबब चंद्रभानच्या साक्षीसाठी खाली जागा रिकामी ठेवली आहे. गुरुजींनी त्याच्या घरी जाऊन हा कागद त्याला सगळा वाचून दाखवावा. मी बरोबर जाणार नाही. माझ्या तोंडाकडे पाहून त्याने काही करू नये.

त्याने साक्ष केली नाही तर वाडी त्याची, कोणी हरकत घेऊ नये. तसे झाल्यास कौशल्येपुढे निदान इतके दाखवता यावे म्हणून पहिल्या कलमातले घर शेषरावाला न देता तानुबाईला द्यावे, आणि शेषरावाने दर्यापूरच्या वडिलोपार्जित शेतातल्या माझ्या हिश्श्यावर समाधान मानावे.

त्याने साक्ष केली तर सौदा सुटला. मग वाडी, विहीर, मोट व औजारे तानुबाईची, कायमची. त्यात सरकी पेरू नये.

तानुबाईला तेव्हा एक विनंती आहे. चंद्रभानला सकाळी वाडीत येऊ द्यावे. पण त्याला बांधावर नुसते बसवू नये आणि 'आराम करा' असे म्हणू नये. काम सांगावे. तो कुरकुर करील, शिव्याही देईल. तरी काम सांगावे. त्याला भाजीतले काही कळत नाही, ते हळूहळू कळेल. मलाही असेच कळले.

कलम सहावे. माझ्या तेराव्याला वाटलेल्या डाळीची भाजी करावी. आलेल्यांनी एकमेकांचे हात धरू नयेत.

वर लिहिले ते वाचून पाहिले. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, ती माझीच. यापूर्वी मी काही लिहून ठेवलेले नाही, आणि यापुढे लिहीन असे वाटत नाही.

मुक्काम अमरावती. मिती माघ शुद्ध ५, बुधवार, शके १७८९. तारीख २९ माहे जानेवारी सन १८६८.

सही: सहदेव वल्द महादजी भुयार, दस्तुर खुद्द.

साक्ष पहिली: वामनराव, शिक्षक, राहणार अमरावती. मृत्युपत्र करणाराने माझ्यासमोर लिहिले व सही केली.

साक्ष दुसरी: चंद्रभान वल्द तुकाराम, राहणार अमरावती. यास लिहिता येत नाही. सदर कागद त्याच्या ओसरीवर त्यास वाचून दाखविला. पाचवे कलम त्याने दोनदा वाचावयास लावले व दुसऱ्या खेपेस मधेच उठून पायरीवर जाऊन बसला. नंतर आपल्या हाताने तागडीची निशाणी केली व बोलला ते तसेच लिहा म्हणाला, म्हणून लिहिले:

"सौदा सोडला. अन् त्याले म्हना, तुह्या मरायची वाट कोन पाहीन? उद्या सकाळीच येतो वाडीत. मोटेचे बैल मी हाकतो, ओलीत त्यानं करावं."

दस्तुर वामनराव.